वऱ्हाडातील पाषाणवास्तूंची डागडुजी

वऱ्हाडचा मुलूख कापसासाठी सर्वांच्या परिचयाचा असला, तरी सातपुड्याच्या कड्यांवर उभे असलेले गाविलगड व नरनाळा आणि त्यांच्या दक्षिणेस पसरलेल्या पयनघाटातील बार्शीटाकळी व लासूरची देवळे, बाळापूरची छत्री हे सारे जो सावकाश पाहील, त्याला हा प्रांत पाषाणशिल्पाच्या बाबतीत दरिद्री नव्हे हे कबूल करावे लागेल. या वास्तूंना तोफांनी जेवढे मोडले, त्याहून अधिक पाण्याने, झाडांच्या मुळ्यांनी आणि अज्ञानाने केलेल्या दुरुस्तीने मोडले आहे, हेही मग त्याच्या ध्यानात येईल.

दुरुस्तीची परंपरा येथे जुनीच आहे. फिरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे अहमदशहा बहामनीने 1425 च्या सुमारास गाविलगड उभारला व नरनाळ्याची मरम्मत करविली. पुढे इमादशाहीचा संस्थापक ठरलेल्या फतहुल्ला इमादुल्मुल्काच्या अमदानीत, 1487 साली, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा उभा राहिला. त्या काळी मोडले ते बांधावे, जुने अपुरे वाटले तर नवे जोडावे, एवढाच व्यवहार होता. जुन्या दगडाला तो जुना आहे म्हणून काही हक्क असतो, ही कल्पना किल्लेदाराच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. ती कल्पना आपल्याकडे कायद्याच्या रूपाने 1904 साली आली, आणि 1923 मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी आपल्या नियमपुस्तकात तिला शिस्त लावून दिली: मूळचे असेल ते राखावे, नवे घालणे अटळ होईल तेथेच घालावे, आणि घातलेले नवे जुन्याच्या नावावर खपवू नये.

हा नियम वाचावयास सोपा. वऱ्हाडच्या भूमीवर तो पाळणे मात्र अवघड. बार्शीटाकळीचे देऊळ घ्या. तेथील शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 चा आहे. ज्या यादवमंत्री हेमाद्रीच्या नावाने ही बांधणी लोकांत ओळखली जाते, त्याच्या कारभाराच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा. या पद्धतीत घडीव दगड चुन्याशिवाय एकावर एक बसविलेले असतात आणि केवळ वजन, खाच व कुसू यांच्या आधाराने सारे छत तोलले जाते. पायाखालची जमीन स्थिर असेल तोवर ही रचना शतकानुशतके हलत नाही. परंतु पयनघाटातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. दरसाल चालणाऱ्या या उठाबशीत एखादा कोपरा बोटभर खचला, की वरची तुळई आपल्या बैठकीवरून सरकते आणि भार नको त्या खांबावर जातो. म्हणून जाणकार मनुष्य चिरलेल्या तुळईला हात घालण्यापूर्वी देवळाभोवतीचे पाणी कोठे मुरते याचा शोध घेतो. पन्हळ, उतार आणि चर यांवर झालेला खर्च कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. तरी माझ्या मते निम्मा जीर्णोद्धार तेवढ्यातच होतो.

दगड उतरविणे अगदीच भाग पडले, तर प्रत्येक थराचा नकाशा काढून, छायाचित्रे घेऊन, दगडागणिक क्रमांक घालून तो उतरवावा लागतो. पूर्वी लोखंडी पट्ट्या व खिळे सर्रास घालीत. लोखंड गंजले की फुगते, आणि जो दगड बांधून ठेवावयाचा त्यालाच आतून फोडते. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेल्या लोखंडाने असाच घात केला, आणि 1975 पासून चाललेल्या कामात ते उपसून टायटॅनियम घालावे लागले.

जेथे चुना मुळातच आहे, त्या तटबंदीची गोष्ट निराळी. कळीचा चुना भिजवून मुरत ठेवावा, वाळू व सुरखी मिळवून घाणीत मळावा, हिरड्याचे वा बेलफळाचे पाणी, गूळ, उडदाची डाळ अशी द्रव्ये जुन्या गवंड्यांच्या रीतीने घालावीत आणि मग दरजा भराव्यात. सिमेंट लवकर घट्ट होते हाच त्याचा दोष. ते ओलावा बाहेर पडू देत नाही, आणि कोंडलेले पाणी दगडाच्या मार्गाने वाट काढते. त्यात अकोला-अमरावती जिल्ह्यांत, पूर्णेच्या दोन्ही अंगांस, खारपाणपट्टा पसरलेला. बाळापूर, अकोट, दर्यापूर या तालुक्यांत गावच्या विहिरीचे मचूळ पाणी गाऱ्यात ओतले, तर पाणी उडून जाते आणि क्षार राहतो. तो दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतो आणि घडीव पृष्ठभाग पापुद्र्यांनी गळू लागतो. दर्यापूर तालुक्यातील लासूरच्या आनंदेश्वरासारख्या कोरीव देवळाच्या कामावर गोडे पाणी दुरून आणण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर काम सुरू न करणेच बरे.

गाविलगडावर प्रश्न तंत्राचा नसून विवेकाचा आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी हा किल्ला घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडवरील आपला बहुतेक अंमल सोडला. स्टीव्हन्सनच्या तोफांनी पाडलेली उत्तरेकडील भगदाडे बुजवून तट अखंड करावा असे म्हणणारे गडप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही मला ते पटत नाही. ते भगदाड हाच त्या तहाचा दस्तऐवज आहे. त्याच्या कडा ढासळू नयेत एवढा बंदोबस्त पुरे. उलट, तटात रुजलेल्या वड-पिंपळांना कसलाही ऐतिहासिक हक्क नाही. ती रोपे लहान असतानाच मुळासकट काढली पाहिजेत. वाढलेले झाड नुसते उपटले तर तटाचे चिरेही त्याबरोबर येतात. मेळघाटच्या राखीव जंगलात या कामासाठी पुरातत्त्व व वन अशा दोन खात्यांची संमती लागते, आणि पिंपळ काही कोणत्याही दफ्तराच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा फिकट वालुकाश्माचा, त्यावरील अक्षरे उठावाची. तेथे तारेचा ब्रश वा तीव्र आम्ल म्हणजे अक्षरे पुसण्याचाच उद्योग. पाणी, मऊ कुंचला आणि वेळ, एवढीच सामग्री तेथे चालते.

राहता राहिली ती संरक्षित यादीत नसलेली गावोगावची देवळे. त्यांच्या पंचमंडळींना एवढीच विनंती आहे, की वर्गणी जमली म्हणून भिंतींना तैलरंग, गाभाऱ्याला चकचकीत फरशी आणि शिखराला सिमेंट लावण्याची घाई करू नये. आधी पावसाचे पाणी देवळापासून दूर न्यावे, छपरावरचे गवत काढावे, आणि मग चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा.