वाचनालय चालते कसे?

सायंकाळचे पाच वाजतात. शाळा सुटलेली असते. गावच्या वाचनालयाचे दार उघडते, खिडक्यांच्या झडपा बाजूला होतात आणि दिवसभर बंद असलेल्या खोलीतून जुन्या कागदाचा परिचित वास बाहेर येतो. कोणी वृत्तपत्र घेऊन बाकावर बसतो, कोणी कपाटापुढे उभा राहून पुस्तके चाळू लागतो. एखादा विद्यार्थी वाचून झालेले पुस्तक परत देतो आणि दुसरे घेऊन घराची वाट धरतो.

हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिले असेल. परंतु हे दार रोज वेळेवर उघडते कसे, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? या खोलीचे भाडे कोण देतो? कोणती पुस्तके घ्यावयाची, हे कोण ठरवितो? छप्पर गळू लागले, तर धावपळ कोण करतो? पुष्कळ मुले उत्तर देतात, "सरकार!" हे उत्तर अगदीच चूक नाही, पण ते अर्धेच आहे. महाराष्ट्रात आज शासनाची मान्यता असलेली दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांपैकी बहुतेक ग्रंथालये सरकारने स्थापन केलेली नाहीत. ती त्या त्या गावच्या लोकांनी स्थापन केली आणि लोकच ती चालवितात. सरकार त्यांना मान्यता व अनुदान देते. म्हणजे दिव्यात तेल घालण्यास सरकारचे साहाय्य मिळते, पण दिवा लावणारा हात गावकऱ्यांचाच असतो.

ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरी येथील वाचनालयाची स्थापना १८२८ साली झाली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. पुण्यात १८४८ साली 'पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. तीच संस्था आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाते.

त्या काळी अशा अनेक वाचनालयांतून इंग्रजी ग्रंथांचा भरणा अधिक असे. मराठीत नवी पुस्तके छापली जात होती; परंतु ती सर्व एके ठिकाणी जमवून जतन करावीत, अशी सोय नव्हती. ही उणीव ठाण्यातील काही तरुणांच्या मनाला लागली. त्यांनी १ जून १८९३ रोजी ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. या कार्यात पुढे असलेले विनायक लक्ष्मण भावे त्या वेळी वयाने अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. आपल्या भाषेतील ग्रंथ नष्ट होऊ नयेत, ही तळमळ एवढेच त्यांचे भांडवल होते. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईतही मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. या दोन्ही संस्था आजही वाचकांची सेवा करीत आहेत.

आता अशी संस्था चालते कशी, ते पाहू. वाचनालयाची प्रथम कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. नंतर त्याची घटना, म्हणजे नियमांचे पुस्तक, तयार होते. जे लोक वर्गणी भरतात, ते सभासद होत. वर्षातून एकदा सर्व सभासदांची सर्वसाधारण सभा भरते. ही सभा ठरलेल्या मुदतीने कार्यकारी मंडळाची निवड करते. मंडळात एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक कार्यवाह, एक कोषाध्यक्ष आणि काही सदस्य असतात.

अध्यक्ष सभा चालवितो व सर्वांचे म्हणणे ऐकून निर्णयाकडे नेतो. कार्यवाह पत्रव्यवहार पाहतो आणि सभेचे इतिवृत्त लिहितो. कोषाध्यक्ष पैशाचा जमाखर्च ठेवतो. ग्रंथनिवड समिती असेल, तर ती वाचकांच्या मागण्या पाहून नवी पुस्तके निवडते. ही सर्व मंडळी बहुधा कसलेही वेतन घेत नाहीत. कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, तर कोणी सेवानिवृत्त टपालसेवक. वेतन मिळते ते ग्रंथपालाला, लेखनिकाला आणि शिपायाला. आणि लहान ग्रंथालयांत तेही फार तुटपुंजे असते.

मंडळाने हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा व तो सभेपुढे ठेवावा, असा नियम आहे. हा नियम कोणावर अविश्वास दाखविण्यासाठी केलेला नाही. दहा जणांचा पैसा एकाच्या हाती असतो, तेव्हा त्याचा चोख हिशेब असणे हे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही हिताचे असते. जेथे हिशेब उघडा असतो, तेथे लोक देणगी देताना हात आखडता घेत नाहीत.

मंडळाबाहेरही अनेकांचे हात वाचनालयाला लागतात. कोणी फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करून देतो. कोणी वाळवी व कसर यांपासून पुस्तके वाचविण्यासाठी कपाटे झाडून देतो. कोणी मुलांना गोष्टी वाचून दाखवितो, तर कोणी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ एक कपाट देतो. नवीन पुस्तक आले, की त्यावर शिक्का मारणे, दाखलनोंदवहीत त्याचा क्रमांक लिहिणे, विषयानुसार त्याची जागा ठरविणे ही कामे वरवर किरकोळ दिसतात. पण ती झाली नाहीत, तर हजार पुस्तकांच्या ढिगात हवे ते एक पुस्तक सापडणार कसे?

वाचनालयाच्या हितचिंतकांना आणखी एक काम करावे लागते. ते म्हणजे वाचनालयाची बाजू समाजापुढे आणि सरकारपुढे मांडणे. रस्ता, पाणी, दवाखाना यांची गरज सर्वांना चटकन दिसते. वाचनालयाची गरज मात्र कोणीतरी समजावून सांगावी लागते. ती समजावून सांगणारे लोक आपल्या देशात होऊन गेले, म्हणूनच आज ग्रंथालयांना कायद्याचा आधार आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली होती. त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून आणले आणि आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. गावाने वाचनालयासाठी काही रक्कम जमविली, तर तेवढीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, अशी त्यांची योजना होती. तिच्यातील मर्म ध्यानात घ्या. ग्रंथालय लोकांना आयते मिळत नव्हते. लोकांनी एक पाऊल टाकले, म्हणजे राज्य दोन पावले टाकीत असे.

मद्रासमध्ये डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी असेच कार्य केले. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. पुढे ग्रंथपाल झाले. तेथील ग्रंथप्रेमी नागरिकांनी १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन केला. १९३० साली रंगनाथन यांनी बनारस येथील शिक्षण परिषदेत ग्रंथालय कायद्याचा एक नमुना मांडला. त्यांच्या प्रांतात तसा कायदा होण्यास १९४८ साल उजाडले. अठरा वर्षे ही मंडळी तीच गोष्ट न कंटाळता सांगत राहिली. तत्पूर्वी १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांसाठी कायदा केला होता. तो भारतातील या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो.

मुंबई सरकारनेही १९३९ साली आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७' हा कायदा झाला व १ मे १९६८ पासून तो अमलात आला. मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयांसाठी लोकांवर एक लहानसा कर बसविला होता. महाराष्ट्राच्या कायद्याने तसा कर बसविला नाही. येथे राज्य सरकार आपल्या तिजोरीतून अनुदान देते. ग्रंथालयांची पुस्तके, वाचक व काम पाहून त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग केले जातात आणि त्यानुसार अनुदान ठरते. या कायद्याने जिल्हा, विभाग व राज्य अशा तिन्ही पायऱ्यांवरील ग्रंथालय संघांनाही मान्यता दिली. गावोगावच्या वाचनालयांच्या अडचणी वरपर्यंत पोहोचविणे, हे या संघांचे एक मोठे काम होय. वाढत्या महागाईत अनुदान अपुरे पडते, हे गाऱ्हाणे त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. अखेर २०२२ साली राज्य सरकारने अनुदानात साठ टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला.

कायदे आणि संघ यांची ही हकीकत तुम्हांला दूरची वाटेल. म्हणून माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा तुमच्याएवढाच होतो. आमच्या गावचे वाचनालय धर्मशाळेच्या एका खोलीत होते. एका श्रावणात पावसाने छपराची कौले सरकली आणि एका रात्रीत दोन कपाटे भिजली. आम्ही मुलांनी ती पुस्तके घरोघरी नेली, पानापानांत जुनी वृत्तपत्रे घातली आणि ओसरीवरच्या वाऱ्यात ती सुकविली. कित्येक पुस्तके हाती लागली नाहीत ती नाहीतच.

पुढील आठवड्यात चावडीवर सभा भरली. दुरुस्तीला पैसा नव्हता. एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "उरलेली पुस्तके शाळेला देऊन टाकावीत आणि खोलीला कुलूप घालावे. हल्ली वाचतो कोण?" सभा स्तब्ध झाली. तेव्हा आमचे कार्यवाह उठले. ते प्राथमिक शाळेचे गुरुजी होते. त्यांनी भाषण केले नाही. त्यांनी केवळ देवघेवीची वही उघडली आणि वर्षभरात कोणी किती पुस्तके नेली, ते वाचून दाखविण्यास प्रारंभ केला. सुताराचा मुलगा, कोष्ट्याची सून, पायाने अधू असलेले एक आजोबा, ज्यांच्यासाठी त्यांचा नातू दर शनिवारी पुस्तक नेई, अशी एकामागून एक नावे येऊ लागली. त्यांत त्या वजनदार गृहस्थांच्या पत्नीचेही नाव होते. ते ऐकून सभेत हशा पिकला आणि ते गृहस्थही हसले.

गुरुजींनी त्याच वहीतील आकडे घालून ग्रामपंचायतीला अर्ज केला. पहिल्या खेपेस तो नाकारला गेला. त्यांनी दुसरा अर्ज केला आणि या वेळी त्यावर सव्वाशे गावकऱ्यांच्या सह्या व अंगठे घेतले. पंचायतीने कौलांचा खर्च मंजूर केला. गवंड्यांनी मजुरी घेतली नाही. दिवाळीपूर्वी वाचनालय पुन्हा उघडले.

मोठेपणी मीही एका वाचनालयाच्या मंडळावर काम केले आणि तेथे एक चूक केली, तीही सांगितली पाहिजे. पुस्तके हरवतील, फाटतील, या भीतीने मी चांगले ग्रंथ कुलपात ठेवू लागलो. कपाटे नीटनेटकी राहिली. पण वाचक कमी झाले. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे रंगनाथन यांच्या प्रसिद्ध पाच सूत्रांतील पहिले सूत्र मी पाठ केले होते. पण आचरणात आणले नव्हते. एका विद्यार्थिनीने मला विचारले, "गुरुजी, ही पुस्तके कोणासाठी जपून ठेवली आहेत?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी कुलपे काढली. काही पुस्तके फाटली, हे खरे. पण ती वाचली गेल्यामुळे फाटली.

मुलांनो, आज अनेक वाचनालयांपुढे अडचणी आहेत. मंडळातील माणसे वृद्ध होत आहेत आणि त्यांच्या जागी येण्यास तरुण पुढे होत नाहीत. हातातल्या दूरध्वनीवर सर्व काही मिळते, असे पुष्कळांना वाटते. अशा वेळी तुम्हांला काय करता येईल? आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा. पुस्तक वेळेवर परत करा, कारण तुमच्या मागे दुसरा कोणी त्याची वाट पाहत असतो. हवे असलेले पुस्तक तेथे नसेल, तर मागणीच्या वहीत त्याचे नाव लिहा. सुट्टीत एखादा दिवस ग्रंथपालांना मदत करा. आणि देवघेवीच्या वहीत तुमचे नाव लिहिले जाईल, तेव्हा ती एक साधी नोंद आहे असे समजू नका. उद्या कोणी विचारील, "हल्ली वाचतो कोण?" त्या वेळी तीच ओळ वाचनालयाच्या वतीने साक्ष देईल.