कागदावरचा कुत्रा

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये, टेकापो तळ्याच्या काठी दगडी चबुतऱ्यावर उभा असलेला ब्राँझचा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. १९६८ साली बसवलेला. शेजारी चर्च ऑफ द गुड शेफर्ड, मागे निळेशार पाणी. आपली मंडळी बसमधून उतरतात, फोटो काढतात आणि कोणीतरी हमखास सांगते की हा मॅकेन्झीचा ‘फ्रायडे’! १८५५ मध्ये हजारभर मेंढ्या पळवल्याबद्दल पकडल्या गेलेल्या जेम्स मॅकेन्झीचा इमानी साथीदार. कथा झकास आहे, फक्त पुतळा फ्रायडेचा नाही. त्या डोंगराळ मुलखात राबलेल्या तमाम मेंढपाळी कुत्र्यांच्या नावाने तो उभारलेला आहे. मॅकेन्झीला वर्षाच्या आत माफी मिळाली. कुत्र्याची ओळख मात्र अजून चुकीचीच चालली आहे.

हे आधी सांगितले, कारण कामाच्या कुत्र्याच्या विम्यातही घोळ ओळखीपासूनच सुरू होतो. मी साउथ कँटरबरीतल्या एका ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्याच्या काउंटरमागे बरीच वर्षे बसले आहे. माहेर फलटणकडचे, धनगरांचे कळप दारावरून जायचे, त्यामुळे मेंढ्यांची नवलाई नव्हती. नवलाई होती ती फॉर्मची. धनगराच्या कुत्र्याला कोणी ‘व्यवसाय काय?’ असे विचारल्याचे मला आठवत नाही. इथे सगळे रामायण त्याच रकान्यात घडते.

पहिला किस्सा जातीच्या रकान्याचा. इथे कळपावर दोन प्रकारची कुत्री लागतात. ‘हेडिंग डॉग’ गप्प राहून, वाकून, नजरेच्या धाकाने मेंढ्या वळवून आणतो. ‘हंटवे’ मागे राहतो आणि भुंकून भुंकून कळप पुढे ढकलतो. भुंकणे ही खोड नसून नोकरी असलेला हा बहुधा जगातला दुर्मीळ प्राणी. दोन्ही प्रकारांच्या मालकांत सासू-सुनेइतके सख्य असते. तर एक हंटवेवाले गृहस्थ माझ्या काउंटरवर फॉर्म भरत होते. जातींच्या यादीत चिहुआहुआ होता, शिह त्झू होता, हंटवे नव्हता. मी हळूच ‘मिश्र जात’ सुचवले. गृहस्थ असे लाल झाले की मी पाणी दिले. ज्या कुत्र्याने इथले डोंगर कळपांसाठी मोकळे केले, त्याला देशाच्या केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली तीच मुळी २०१३ मध्ये. शेवटी त्यांनी रागारागाने ‘बॉर्डर कोली’ लिहिले, म्हणजे थेट प्रतिपक्षाची जात. ही बातमी शेजाऱ्यांच्या हेडिंग डॉगपर्यंत पोहोचू नये म्हणून त्या हप्त्याची पावती मी पाकिटात बंद करून दिली.

दुसरा किस्सा ‘पेट’ या शब्दाचा. पाळीव प्राण्यांच्या अनेक पॉलिसींत बारीक अक्षरात लिहिलेले असते की व्यवसायासाठी वापरला जाणारा कुत्रा यात बसत नाही. बारीक अक्षरे वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, डॅशबोर्डवर राहिलेला असतो. एका शेतकऱ्याने ‘घरचा सोबती’वर खूण केली. वर्षभराने त्या सोबत्याला बैलाने लाथ मारली, मागचा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, कंपनीकडे दावा गेला. दाव्यासोबत डॉक्टरांची केसपेपरची प्रत जाते, हे बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. आमचे डॉक्टर मनाने उमदे. त्यांनी पहिल्याच ओळीत लिहून ठेवले होते : ‘उत्कृष्ट कामाचा कुत्रा, तालुक्यात तोड नाही.’ दावा फेटाळला गेला. त्या घरात आजवर एवढे महागडे कौतुक कोणाचे झालेले नाही.

आता मायक्रोचिप. १ जुलै २००६ पासून नव्याने नोंद होणाऱ्या कुत्र्यांना ती सक्तीची झाली. शेतकऱ्यांनी गदारोळ केला आणि कळप हाकणारी कुत्री त्यातून सुटली. आमच्या पंचक्रोशीत या विजयाचे श्रेय घेणारे निदान सहा जण आहेत. त्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या गृहस्थांनी एकदा फोन करून दवाखान्यात गर्दी नसण्याची वेळ विचारली. विमा कंपनीने चिपचा नंबर मागितला होता. आपल्याकडे गाईम्हशींच्या विम्यात कानातला बिल्ला नाही तर भरपाई नाही. इथे बिल्ल्याच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी चिप, एवढाच फरक. गृहस्थ दुपारी आले, यूट मागच्या बाजूला लावली. बाकावर आधीच चळवळीतले दुसरे श्रेयकरी पिल्लू घेऊन बसलेले. दोघे दहा मिनिटे पावसावर बोलले. दोघेही, म्हणे, जंताच्या गोळ्या न्यायला आले होते. त्या दुपारी मी दोन चिपा बसवून घेतल्या आणि जंताची गोळी एकही विकली नाही.

जंतांवरून आठवले. फॉर्मवर ‘जंतनाशक वेळेवर दिले का?’ असा रकाना दिसला की इथले म्हातारे मिशीत हसतात. १९५९ मध्ये हायडॅटिड्सविरुद्ध कायदा झाला. हा कुत्र्याच्या पोटातल्या फीतकृमीचा रोग. मेंढीत आणि माणसात गाठी करणारा. मग गावोगावचे शेतकरी ठरल्या दिवशी आपापली कुत्री एका जागी आणून बांधत आणि सरकारी माणूस त्यांना रेच देई. पुढे काय व्हायचे ते सगळ्यांच्या देखत व्हायचे. त्याची रीतसर तपासणीही व्हायची. ‘आमच्या वेळी कुत्र्याची फाइल अशी उघड्यावर असायची,’ एक आजोबा म्हणाले. मी औषधाचे नाव विचारले. अरेकोलिन! सुपारीत सापडणारे द्रव्य. जेवणानंतर सुपारी कातरत ‘पचनाला बरी असते’ म्हणणारे माझे आजोबा डोळ्यांसमोर आले. किती बरी असते, ते सातासमुद्रापार येऊन कळले.

चौथा किस्सा गुडघ्याचा. डोंगरउतारावर, कुंपणांवर, धावत्या वाहनाच्या पाठीवर चढ-उतार करणाऱ्या कुत्र्याचा गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे नवे नाही. एका शहाण्या बाईंनी चक्क चष्मा लावून पॉलिसी वाचली होती, कामाचा कुत्रा चालेल असे लेखी घेतले होते, प्रतीक्षाकाळ मोजला होता. डावा गुडघा गेला, पैसे मिळाले. त्यांनी शेजारणीला फोन करून शहाणपण ऐकवले. पुढच्या हंगामात उजवा गुडघा गेला. तेव्हा बाईंना कळले की काही पॉलिसींत शरीराची एक बाजू आजारी पडली की तिची जोडीदारीण ‘आधीपासूनचे दुखणे’ समजली जाते, आणि अशा दुखण्याला भरपाई नाही. आपल्याकडे एका भावाने कर्ज बुडवले की बँक दुसऱ्याकडे संशयाने पाहते, तसेच. शेजारणीने या वेळी स्वतःहून फोन केला.

‘आधीपासूनचे दुखणे’ हा या नाटकातला खरा खलनायक. मॅसी विद्यापीठ आणि व्हेटलाइफ या पशुवैद्यकांच्या संस्थेने ‘टीममेट’ नावाचा मोठा अभ्यास केला. साउथ आयलंडमधल्या १२६ शेतांवरची ६४१ कामाची कुत्री तपासली. सगळी रोज कामावर जाणारी, हजेरीपटावर चोख. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश कुत्र्यांत डॉक्टरांना काही ना काही बिघाड सापडला. कुठे सांधा, कुठे दात, कुठे कातडी. शेतकऱ्याच्या हिशेबी ती धडधाकट होती. विम्याच्या हिशेबी निम्मीअधिक कुत्री फॉर्म भरण्याआधीच बाद. म्हणून आमच्याकडचे जाणते लोक पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे असतानाच, त्याने पहिली मेंढी पाहण्याआधी विमा उतरवतात. अडचण एवढीच की त्या वयात ते कामाचे निघेल की नाही, हे त्याच्या आईलाही माहीत नसते. एकाने अशा तीन पिल्लांचे हप्ते भरले. त्यातले एक मेंढ्यांना घाबरणारे निघाले. दावा मात्र त्याचाच आला : मेंढीने पाडले.

किमतीच्या रकान्याकडे वळू. मृत्यूची भरपाई देणारी पॉलिसी घ्यायची तर कुत्र्याची किंमत सिद्ध करावी लागते. विक्रीच्या जत्रेत तयार कुत्र्याला हजारो डॉलर मोजतात. पण निम्मी कुत्री जत्रेत जातच नाहीत, शेजारधर्मात हात बदलतात. एका मेंढपाळाकडे खरेदीचा पुरावा मागितला गेला. त्याने इमानदारीने पाठवला. मागच्या मालकाची सही, तारीख, आणि मजकूर : ‘एक पेटी बिअर, पोहोचली.’ पुढची तीन वर्षे त्याने त्या पिल्लाला शिट्टीचा एकेक सूर शिकवला होता, पहाटे धुक्यात, बर्फात. त्याची पावती कोण देणार? कंपनीच्या माणसाने सौजन्याने एकच प्रश्न विचारला : बिअर कोणती होती?

आणि एक अपघात, जो ऐकताना सगळे हसतात, ज्याचा होता तो सोडून. चारचाकी बाइक उतारावर उलटली. मालक आणि कुत्रा एकाच वेळी, एकाच खड्ड्यात. दोघांचाही पाय मोडला. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एसीसी नावाची सरकारी योजना आहे. अपघात झाला की चूक कोणाची हे न विचारता उपचाराचा भार उचलते, अगदी फिरायला आलेल्या पाहुण्याचाही. मालकाचा पाय तिच्या खात्यात बसला. कुत्र्याच्या पायाचे बिल मात्र मालकाच्या खिशात, आणि ते चार आकडी. प्लास्टरातला मालक म्हणाला, ‘बाइक मी चालवत होतो. निर्दोष होता तोच एकटा.’

एवढे पाहिल्यावर लोक मला विचारतात, विमा घ्यावा की नाही? मी कंपनीचे नाव सांगत नाही, प्रश्न सांगते. ‘कामाचा कुत्रा’ चालतो का, आणि काम म्हणजे काय धरता, हे लेखी द्या. पोट फुगून पीळ पडला तर रात्रीची शस्त्रक्रिया यात बसते का? खोल छातीच्या हंटवेला तो धोका असतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. मर्यादा वर्षाची की दर घटनेची? दर दाव्याला खिशातून किती? आणि पॉलिसी उपचाराचा खर्च देते की फक्त मेल्यावरची किंमत? सहा कुत्र्यांची टोळी असेल तर सहा हप्ते गुणिले आठ वर्षे करून पाहा. पुष्कळ शेतकरी हा गुणाकार करतात आणि ती रक्कम बँकेत वेगळी ठेवतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची ती रक्कम पुढच्या ट्रॅक्टरच्या टायरात जाते, हे मात्र त्यांनी मला सांगितलेले नाही. त्यांच्या बायकांनी सांगितले आहे.

शेवटचा किस्सा घरचा. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने आपला निवृत्त हंटवे मला दिला. दहा वर्षांचा, एका कानाने कमी ऐकणारा, आवाजाला मात्र खणखणीत. मी मोठ्या रुबाबात फॉर्म उघडला. सगळे रकाने पाठ. काम करतो का? नाही. घरचा सोबती? होय, शंभर टक्के. पुढच्या पानावर वय लिहिले आणि फॉर्म तिथेच थांबला : या वयात आजारपणाचा नवीन विमा मिळत नाही, हवा तर फक्त अपघाताचा घ्या. म्हणजे तरुण होता तेव्हा कामाचा म्हणून पेट नव्हता, आणि पेट झाला तेव्हा म्हातारा म्हणून विम्याचा नव्हता.

अपघाताचा तर अपघाताचा, म्हणून मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नियमाप्रमाणे विचारले, ‘कुत्रा सध्या कुठलेही काम करत नाही ना?’ मी ‘नाही’ म्हणायला आणि मागच्या अंगणातून दणदणीत भुंकणे सुरू व्हायला एकच गाठ पडली. खिडकीतून पाहिले. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेली अकरा पोरे गॅरेजच्या कोपऱ्यात, एका रांगेत, व्यवस्थित गोळा करून ठेवलेली होती. पलीकडची मुलगी थबकली आणि म्हणाली, ‘हंटवे का?’ तिचे वडील मेंढपाळ निघाले. तिने पुढचा प्रश्न विचारलाच नाही.