रॉकेलवर उडणारं जेट आणि आपल्या गटाचा ड्रोन

गावोगावच्या बैठकांत आता फवारणीच्या ड्रोनचा विषय निघतो आणि बाया हमखास विचारतात, "आत माणूस नाही, मग ते चालतं कसं? आणि मध्येच बिघडलं तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आज आपण ड्रोनच्या थोरल्या भावाकडे जाऊ. तो म्हणजे हौशी माणसं घरच्या शेडमध्ये बांधतात ते रेडिओवर चालणारं जेट विमान.

ब्रिटन, जर्मनीत हा छंद बराच आहे. मोठं मॉडेल दोन-तीन मीटर लांब असतं. वजन पंधरा-वीस किलो आणि वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे. म्हणजे हे पोरांचं खेळणं नव्हे. अंगावर आलं तर जीव जाईल.

त्याचं धड साच्यात होतं. साच्यात काचतंतूंचं कापड अंथरायचं, ब्रशने राळ लावायची, वर पुन्हा कापड. वाळलं की हलकं, पोकळ आणि टणक कवच निघतं. पंखांच्या आत बहुतेक वेळा फोम असतो, वर लाकडाचा पातळ पापुद्रा.

इंजिन छोटं, पण खरंखुरं जेट. पुढचं चाक हवा ओढून दाबतं. त्या हवेत रॉकेल जळतं. तापलेला वायू मागचं चाक फिरवत जोरात बाहेर पडतो आणि विमान पुढे ढकललं जातं. तोंड सोडलेला फुगा पळतो, तसंच. चाकं मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात. रॉकेलमध्ये थोडं तेल मिसळतात, तेच बेअरिंगला वंगण होतं. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी १९९० च्या आसपास असं इंजिन घरगुती साधनांनी बनवून दाखवलं. त्यातलं पुढचं चाक चक्क प्लायवुडचं होतं, कार्बनच्या धाग्याने आवळलेलं!

आता तोल. डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवला की कुठे जड, कुठे हलकं हे आपली मान ओळखते. विमानाचंही तसंच. पंखाखाली ठरलेल्या जागी आधार देऊन ते सरळ राहतं का बघतात. शेपूट जड झाली तर विमान ताब्यात राहत नाही. मग नाकात शिसं घालतात.

आणि बिघाड झाला तर? त्याची सोय आधीच करतात. बॅटऱ्या दोन बसवतात. रेडिओचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद व्हावं, अशी मांडणी असते. उडवण्यापूर्वी ती जमिनीवर तपासतात.

ब्रिटनमध्ये पंचवीस किलोपेक्षा जड मॉडेलसाठी आणखी एक अट आहे. बांधकाम चालू असतानाच दुसरा जाणकार येऊन ते तपासतो. बांधणाऱ्याने स्वतःच "ठीक आहे" म्हणून भागत नाही. आपल्या गटातही सचिव हिशेब लिहिते आणि दुसरी तो तपासते. कारण तेच.

आता आपल्या ड्रोनकडे येऊ. त्याला जेट नसतं, बॅटरीवर फिरणारे पंखे असतात. पण वजन, तोल आणि संपर्क हे नियम तेच. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठरली आहे. उरलेला भार गटावर येतो. म्हणून ठराव लिहिण्याआधी विक्रेत्याला बैठकीत बोलवा आणि विचारा: टाकी भरल्यावर एकूण वजन किती? संपर्क तुटला तर ड्रोन काय करेल? ते आमच्यासमोर करून दाखवाल का? विमा कोणाचा? दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत? बॅटरी किती दिवस टिकते, नवी केवढ्याला पडते?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ड्रोन उडवणारीने प्रमाणपत्र घ्यायचंच आहे, पण उडवण्यापूर्वीची तपासणी दुसऱ्या सदस्येने करावी आणि वहीत सही करावी. शेतात मुलंबाळं, गुरं नाहीत हेही तिनेच पाहावं.

तुमच्या गटाचे प्रश्न आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.