तारल्यांचे तेल कुठवर जाते

तारले साफ करायला बसले की आधी बोटांना खवले चिकटतात आणि मागोमाग तेल. मामी विळीवर डोके उडवते, अंगठ्याने पोट उघडते, आतडे ओढून काढते आणि मासा पाण्यात सोडते. थोड्याच वेळात त्या पाण्यावर तवंग धरतो. हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत, म्हणून ती शेवटी चिंच चोळते. इब्रामपूर हे पेडणे तालुक्याचे अगदी आतले टोक. पलीकडे दोडामार्गाची हद्द, खाली तिळारीचे पाणी घेऊन येणारी शापोरा, चढणीवर काजू. समुद्र इथून दिसत नाही, तरी मासळीवाल्याचा भोंगा वाजला की वाड्यावरच्या बायका परड्या घेऊन बाहेर येतात.

मामी लगेच साफ करायला बसत नाही. तिला आमवात आहे. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही. दहा वाजून गेले की सांधे मोकळे होतात आणि मग ती विळी काढते. तोवर तारले बर्फात राहतात. कोणीतरी तिला सांगितले होते की माशाच्या तेलाने सूज उतरते. ते कितपत खरे आहे आणि शरीरात नेमके काय घडते, हे मला तिच्या स्वयंपाकाबरोबरच समजून घ्यायचे होते.

डिसेंबरातल्या थंड सकाळी इथे खोबरेलाची बाटली गोठते. त्याच सकाळी तारल्याच्या पोटातले तेल पातळच असते. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या बहुतेक सरळ असतात आणि एकमेकींना लागून बसतात. तारल्याच्या तेलात मोलाची दोन मेदाम्ले आहेत: ईपीए, म्हणजे 20 कार्बनची साखळी आणि तिच्यात पाच दुहेरी बंध, आणि डीएचए, म्हणजे 22 कार्बन आणि सहा दुहेरी बंध. प्रत्येक बंधाशी साखळी वाकते. अशा वाकड्या साखळ्या दाटीने बसत नाहीत, त्यामुळे सहजी गोठत नाहीत. ही दोन्ही मेदाम्ले ओमेगा-3 कुळातली.

तारला हे तेल स्वतः घडवत नाही म्हटले तरी चालेल. नैऋत्य मोसमी वारे वाहतात तेव्हा भारताच्या या किनाऱ्यालगत खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल माजते, आणि ओमेगा-3 घडवण्याची खरी किमया त्याचीच. तारल्यांचे थवे ते खातात. म्हणून पाऊस सरल्यावरचा तारला सगळ्यांत तेलकट आणि उन्हाळ्यातला कोरडा. शास्त्रज्ञ त्याला सार्डिनेला लाँगिसेप्स म्हणतात, बाजारात इंग्रजीत तो ‘ऑइल सार्डिन’. पूर्वी या तेलाचा हात लाकडी होड्यांना दिला जाई आणि जास्तीचे तारले माडांच्या मुळाशी खत म्हणून पडत.

मामीने मातीच्या कुंडल्यात खोबरे, मिरची, धणे, हळद यांचे वाटण घातले, ठेचलेली तेफळे आणि सोलां टाकली, तारले रचले, वर हळदीचे पान ठेवले. खोबरेल नावापुरते. आच मंद. मी डाव उचलला तेव्हा तिने हात धरला. ‘‘तेल सुटलें रे, आतां ढवळूं नाका.’’ कडेने लालसर तेल वर आले होते, आणि त्यातले पुष्कळसे माशाचेच होते. हे सुके तसेच भातावर येते, तेलासकट. तारले भरपूर तेलात तळले की उलटे होते: माशातले तेल कढईत उतरते आणि कढईतले सूर्यफुलाचे माशात शिरते. तळलेला तारला मलाही आवडतो, पण ज्या कामासाठी मामी तो खाते त्या कामाला सुकेच बरे.

आता हे तेल जाते कुठे? आतड्यातून रक्तात, आणि तिथून पेशींच्या आवरणांत. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे आवरण मेदाचेच असते, आणि आपण जो मेद खातो त्याचा त्यात वाटा असतो. एरवी या पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल हे ओमेगा-6 कुळातले मेदाम्ल साधारण पाचव्या हिश्श्याइतके असते, ईपीए जेमतेम एक टक्का. जखम झाली, जंतू शिरला, की एक विकर आवरणातून मेदाम्ल कापून सुटे करते. दुसरी विकरे त्या सुट्या मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नावाचे निरोप घडवतात. लाली, उष्णता, ठणका आणि आणखी पेशींना दिलेली हाक यांमागे हेच निरोप असतात. ॲस्पिरिन यातल्याच एका विकराला रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 चे नोबेल त्यांना बेर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले.

माशाचे तेल रोजच्या रोज पुरेसे पोटात गेले, तर काही आठवड्यांत आवरणातल्या ॲराकिडोनिक आम्लाची थोडी जागा ईपीए आणि डीएचए घेतात. कापणारे विकर तेच, निरोप घडवणारीही तीच. पण कच्चा माल बदललेला. ईपीएपासून घडलेले निरोप मुळातच सौम्य. त्यातले एक ल्युकोट्राइन पांढऱ्या पेशींना ओढून आणण्यात नेहमीच्या भावंडापेक्षा कितीतरी दुबळे असते. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेरोल्ड ओलेफ्स्की यांच्या गटाने दाखवले की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, यांच्या आवरणावर जीपीआर120 नावाचा ग्राही असतो. ओमेगा-3 त्याला लागले की पेशीतली दाह चेतवणारी साखळी मंदावते.

मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पूर्वी समज असा होता की दाह आपोआप विझतो: जंतू मेले, निरोप संपले, काम आटोपले. हार्वर्डमधल्या चार्ल्स सेरहान यांच्या गटाने 2000 पासून दाखवून दिले की दाह विझवणे हेही शरीराचे स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी वेगळे रेणू घडवावे लागतात. ईपीए आणि डीएचएपासून बनणाऱ्या या रेणूंना त्यांनी रिझॉल्विन म्हटले. ते न्यूट्रोफिल नावाच्या नव्या पांढऱ्या पेशींना थांबवतात आणि मॅक्रोफेजना मेलेल्या पेशी उचलायला लावतात. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलेले असते आणि ही सफाई पुरी होत नाही.

मग मामीच्या बोटांना तारल्यांनी आराम पडेल का? आमवाताच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत रोज सुमारे 3 ग्रॅम ईपीए-डीएचए दिल्यावर सांध्यांचे दुखणे आणि सकाळचा आखडलेपणा थोडा कमी झाल्याचे दिसले, आणि त्यालाही दोन-तीन महिने लागले. तेलाच्या दिवसांतल्या 100 ग्रॅम तारल्यांतून एखाद-दीड ग्रॅम मिळू शकते. दुकानातल्या साध्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून 300 मिलिग्रॅम असते, म्हणजे त्या मात्रेसाठी रोज दहा कॅप्सूल. रोज इतके तारले कोणी खात नाही, आणि मोठ्या मात्रेत हे तेल घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढल्याचेही आढळले आहे. म्हणून मी मामीला आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी एकदाही चुकवू दिली नाही, आणि कोणालाही तोच सल्ला देईन. सांधे झिजण्यापासून वाचवते ती गोळी. तारले तिच्या जोडीला.

निरोगी माणसाला आमवात होऊच नये म्हणून हे तेल घ्यावे का, याचे उत्तर अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीने 25,871 लोकांना सुमारे पाच वर्षे पाहून शोधले. 2022 मध्ये निष्कर्ष आला: रोज 1 ग्रॅम माशाचे तेल घेणाऱ्यांत स्वतःवर उठणारे आजार 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतका कच्चा होता.

या किनाऱ्यावरचा तारला मात्र भरवशाचा राहिलेला नाही. 2012 नंतर त्याची आवक कोसळत गेली, आणि जो सापडतो त्यातला बराचसा फिशमीलच्या कारखान्यांत दळला जातो; त्याचे पीठ आणि तेल कोळंबीच्या नि माशांच्या खाद्यात जाते. परवडणारी, ताजी आणि ओमेगा-3 ने भरलेली मासळी आतल्या गावांच्या कुंडल्यांत न येता यंत्रात जावी, याचा मला राग येतो. मासळीवाल्याकडे तारले नसतील त्या दिवशी मामी बांगडा घेते; त्यातही हे तेल चांगले असते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत खारा बांगडा निघतो. पण हवा लागून त्याचे तेल खवट होते, आणि त्यात सर्वांत आधी मोडते ते ओमेगा-3.

वाड्यावर मासे न खाणारी घरेही आहेत. शेजारच्या काकी जवसाची चटणी करतात आणि त्यांना तेच पुरेसे वाटते. जवसातले ओमेगा-3 आखूड साखळीचे. शरीर त्यातले थोडेसेच ईपीएपर्यंत नेते, डीएचएपर्यंत तर फारच कमी. त्यांच्यासाठी आता टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्म शैवालाचे तेल मिळते. त्यातले डीएचए माशातल्यासारखेच असते, आणि त्यासाठी एकही तारला मारावा लागत नाही. किंमत मात्र इब्रामपुरातल्या घराला रोज परवडेल अशी अजून नाही.