पुण्याचा गाळ, आंध्रचा किनारा

पुण्याहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण मुठा तिकडे फिरकत नाही. ती मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, आणि हजार किलोमीटरहून लांब, आंध्रात हंसलदीवीपाशी, हे पाणी बंगालच्या उपसागरात पडतं. सोबत सह्याद्रीची झिजलेली माती असते. लाटा किनारा खरवडतात, नदी भर घालते. भर जास्त पडली की जमीन समुद्रात पुढे सरकते. कृष्णेचा त्रिभुज प्रदेश असाच घडला.

1966 ते 1969 या काळात कृष्णा वर्षाला सुमारे 90 लाख टन गाळ खाली नेत होती. म्हणजे दहा टनी डंपर दर 35 सेकंदांनी एक, रात्रंदिवस, वर्षभर. 2000 ते 2005 या काळात हा आकडा 4 लाख टनांवर आला. म्हणजे पुढचा डंपर यायला तेरा मिनिटं लागू लागली!

गाळ अडला धरणांत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पुढे उजनी, मग श्रीशैलम आणि नागार्जुनसागर. सगळा दोष पुण्याच्या माथी मारता येणार नाही. कृष्णेचं खोरं अडीच लाख चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. पण साखळीची सुरुवात आपल्या दारातून होते.

कृष्णा आणि आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी यांच्या मुखांचा किनारा 336 किलोमीटरांचा. 1965 ते 2008 दरम्यान तिथली 76 चौरस किलोमीटर जमीन समुद्राने गिळली, तीही नव्याने पडलेली भर वजा जाता. 2000 नंतरचा वेग वर्षाला सव्वादोन चौरस किलोमीटर, म्हणजे रोज दीड एकर. अर्ध्या गुंठ्यासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्याला रोजचे साठ गुंठे म्हणजे काय ते सांगायला नको.

समुद्राला थोपवायचे उपायही आपल्याच दारात शोधले जातात. 1916 मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच आहे. बंदरं आणि किनारे तिथे प्रतिकृतींवर अभ्यासतात. शंभरपट लहान प्रतिकृतीत दहा सेकंदांची लाट एका सेकंदात येते, दहा टनी दगड दहा ग्रॅमचा होतो. त्यातून किनाऱ्यावरचा दगडी बंधारा कसा टिकेल ते कळतं. बंधारा लाट थोपवतो, धरणात अडलेला गाळ मात्र आणत नाही.

पावसाळ्यात धरणसाठ्याचे आकडे आपण रोज पेपरात वाचतो. त्याच चौकटीत साठलेल्या गाळाचाही आकडा छापायला हवा.