ओप्याचे पाणी आणि मोल्याचे रान

फोंडा आणि तिसवाडी या दोन तालुक्यांत ज्यांची घरे आहेत, त्यांच्या नळाला येणारे पाणी ओप्याहून येते, हे बहुतेकांस ठाऊक असते. ओप्याला ते खांडेपार नदीतून मिळते, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु खांडेपारला ते कोठून मिळते, असे विचारले तर "पावसातून" एवढेच उत्तर येते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पाऊस मृगापासून फार तर चार महिने पडतो. नदी मात्र चैत्र-वैशाखातही बारीक का होईना वाहत असते. मधल्या आठ महिन्यांचे पाणी कोणीतरी साठवून ठेवते आणि थोडे थोडे सोडते. हे काम करणाऱ्यांत पहिले नाव घ्यावयाचे ते घाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या मोल्याच्या रानाचे. आपल्यापैकी अनेकांची कुळागरे आणि अनेकांची कुलदैवते याच मांडवीच्या खोऱ्यात आहेत. तेव्हा या स्मरणिकेच्या निमित्ताने या रानाची थोडी ओळख करून द्यावी, असे आम्हास वाटले.

मोले हे गाव पणजी-बेळगाव हमरस्त्यावर, पणजीहून सुमारे साठ किलोमीटरांवर, अनमोड घाट सुरू होण्यापूर्वी लागते. पूर्वी हा भाग सांगे तालुक्यात मोडत असे, आता तो धारबांदोडा तालुक्यात आहे. गोवा मुक्त झाल्यावर आठ वर्षांनी, म्हणजे १९६९ साली, येथील रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले व त्यास भगवान महावीरांचे नाव देण्यात आले. १९७८ साली त्यातील १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा राष्ट्रीय उद्यान ठरला. दोन्ही मिळून क्षेत्र २४० चौरस किलोमीटर भरते. उत्तरेस म्हादई अभयारण्य, दक्षिणेस नेत्रावळीचे अभयारण्य आणि पूर्वेस घाटमाथ्यावर कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, अशी त्याची शेजारमंडळी आहेत. नकाशावर या सीमा निरनिराळ्या रंगांत असतात. गव्याला त्या ठाऊक नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे रान पाहिले आहे ते आगगाडीच्या खिडकीतून. कुळे सोडले की गाडी घाट चढू लागते, एकामागून एक बोगदे येतात, आणि दूधसागरापाशी सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांवर लोटतो. ३१० मीटरांवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा तो प्रपात पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण आमच्या मते दूधसागराने या रानावर थोडा अन्यायच केला आहे. लोक प्रपात पाहतात, आणि त्याच्या खालचे सखल रान, जे खरे पाहावयाचे, ते गाडीच्या वेगात मागे पडते.

या सखल भागात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे त्याहूनही अधिक. इतका पाऊस जेथे पडतो तेथील रान बारमाही हिरवे असावे, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. परंतु फाल्गुनात मोल्याला जावे तर उतारावरची झाडे उघडी पडलेली असतात. ऐन, किंजळ, नाणा, जांबा, सावर यांच्या खाली पानांचा पायभर सडा पडलेला असतो, पाऊल टाकले की करकर वाजते. आणि तेथून शंभर पावलांवर, ओहोळाच्या घळीत उतरावे, तर डोक्यावर हिरवे छत, अंगाला गारवा, वेताच्या जाळ्या, भेरली माड, आंबा, भिरंड, झाडांवर चढलेली रानमिरीची वेल. एकच पाऊस, एकच डोंगर, आणि दोन रानें!

याचे कारण पावसाच्या बेरजेत नसून त्याच्या वाटणीत आहे. सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने उतारावरच्या झाडाने आपल्या शिलकीवर काढावयाचे असतात. पानांतून पाणी उडून जाते; म्हणून झाड पानेच टाकून देते. उन्हाळ्यात खर्च कमी करण्याची ही त्याची रीत. घळीतल्या झाडाला मुळाशी ओल मिळत राहते, त्याला ही काटकसर करावी लागत नाही. त्यामुळे या रानात पाणी कोठे मुरले आहे हे पाहावयाचे असेल तर उन्हाळ्यात नुसती नजर टाकावी. हिरवी रेघ जेथून जाते तेथे खाली पाणी आहे असे समजावे.

आता हे पाणी मुरते कसे ते पाहू. गोव्यात घर बांधलेल्या माणसास चिरा काय असतो हे सांगावयास नको. खाणीतून काढला तेव्हा तो मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की दगडासारखा घट्ट होतो. त्याच्या अंगभर भोके असतात. पायथ्याच्या टेकड्यांवर पुष्कळ ठिकाणी हाच जांभा दगड आणि त्याची तांबडी माती पसरली आहे. रानाचे छत आषाढातल्या सरीचा मारा आधी पानांवर घेते. पाणी खोडांवरून ओघळते, पाचोळ्यावर पडते, पाचोळा ते स्पंजासारखे धरतो, आणि मुळांनी व वाळवीने पोखरलेल्या मातीतून ते सावकाश जांभ्यात उतरते. जांभ्याच्या खाली चिकण माती लागते. तिच्यातून पाणी सहजी खाली जात नाही. ते आडवे सरकते आणि डोंगराच्या पायाशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. कुळागराचा पाट ज्या झरीवर चालतो ती अशीच जन्मास येते. आपल्या पूर्वजांनी सुपारीची बागायत नेमकी डोंगराच्या कुशीत, डोक्यावर रान ठेवून केली, ती उगीच नव्हे. माथ्यावरचे रान तुटले की तळीचा पाट आटतो, हे त्यांस कोणत्याही पुस्तकाशिवाय कळत होते.

रान तुटल्यावर काय होते, हेही चिऱ्यावरूनच कळते. छत गेले की पाऊस थेट मातीवर आदळतो आणि दोनचार पावसाळ्यांत वरची माती धुऊन नेतो. खालचा जांभा उघडा पडतो, वाळतो आणि घट्ट होतो. मग उरतो तो सडा. तेथे पावसाळ्यात गवत व इवली फुले येतात, ती सुंदरच असतात, आणि नैसर्गिक सड्यांचेही आपले असे एक जग आहे. पण रान कापून केलेल्या सड्यावर पुन्हा ऐन-किंजळ उभे राहण्यास माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो.

पाण्यात उभे राहण्याची तर काही झाडांची वेगळीच तऱ्हा आहे. सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई म्हणून एक देवराई आहे. ती या उद्यानाच्या हद्दीत नाही, परंतु सखल रानातील पाणथळ जागा पूर्वी कशी असे हे समजण्यास तिच्याइतके चांगले ठिकाण नाही. तेथे रानजायफळाची झाडे बारमाही चिखलात उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. अशा जागा सपाट आणि पाण्याच्या असल्यामुळे पश्चिम घाटात बहुतेक ठिकाणी त्यांची शेते व बागा झाल्या. येथे देवाचे नाव होते म्हणून झाडे राहिली.

रानातील रहिवाशांविषयी लिहू लागलो तर स्मरणिका पुरणार नाही. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो येथे कळपाने आहे. शेकरू आहे, उडता सरडा आहे, नागराज आहे. रात्री हिंडणारी, मोठ्या डोळ्यांची लाजवंती आहे. तिच्याविषयीच्या खुळ्या समजुतींमुळे तिचे फार हाल झाले. पण ज्यावरून रानाचे वय ओळखावे असा पक्षी म्हणजे धनेश, ज्याला आपल्याकडे माडगरुड म्हणतात. याची मादी जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर तिला आणि पिलांना त्या फटीतून फळे भरवतो. उंबरवर्गी झाडांची व रानजायफळाची फळे खाऊन तो बिया दूरवर टाकतो, आणि असे रान पेरीत जातो. ढोली पडते ती जुन्या खोडाला. लागवडीची झाडे कितीही असोत, त्यांत धनेशाला घर मिळत नाही. एक झाड तोडून दहा लावू, असे जेव्हा सांगण्यात येते तेव्हा आम्हाला या पक्ष्याची आठवण होते.

श्रावणाच्या सुमारास बाजारात रोयणीची अळमी येतात, त्यांची गोष्टही या रानाशीच जोडलेली आहे. रोयण म्हणजे वाळवीचे वारूळ. वाळवी आपल्या वारुळात पाचोळ्याच्या लगद्यावर एक बुरशी पिकवते आणि तीच खाते; ही आपल्याला मिळणारी अळमी म्हणजे त्या बुरशीचे वर आलेले फूल. तिची कोणी शेती करू शकलेले नाही, ती वाळवीलाच साधते. कळी उमलण्यापूर्वीच ती उपटली, वारूळ खणले, की पुढच्या वर्षी तेथे काही उगवत नाही. बाजारातला तिचा भाव ऐकून आम्ही अनेकदा रिकाम्या हाताने परतलो आहोत, हे येथे कबूल करावयास हरकत नाही.

वाघाविषयी वाद आहे. तो येथे येतो-जातो, राहत नाही, असे एक पक्ष म्हणतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, चार वाघ विषबाधेने मेलेले आढळले. त्यांत वाघीण आणि तिची पिले होती. ज्या रानात पिले वाढतात तेथे वाघ पाहुणा आहे असे कसे म्हणावे? मात्र ज्याचे गुरू वाघाने मारले त्या गरीब माणसाला भरपाई वेळेवर मिळते की नाही, हाही प्रश्न तितकाच खरा आहे, आणि शहरात बसून तो विसरता कामा नये. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या पट्ट्याचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

या रानातून माणसाची वाट जुनीच आहे. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ याच अभयारण्यात, घाटाच्या पायथ्याशी उभे आहे. पोर्तुगीज व इंग्रज यांच्यातील १८७८ च्या करारानंतर मुरगावची आगगाडी घाटावर नेण्यात आली. ३७ फुटांत एक फूट असा तो चढ आहे, आणि मालगाडीला मागून इंजिने लावून ढकलावी लागते. रस्ता आणि लोहमार्ग यांच्याशी रानाने कसेबसे जुळवून घेतले होते. परंतु एप्रिल २०२० मध्ये, साथीने देश बंद असताना, लोहमार्ग दुहेरी करणे, हमरस्ता रुंद करणे आणि चारशे किलोव्होल्टची वीजवाहिनी नेणे अशा तीन कामांची प्रकरणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे आली. पुढे गोव्यात मोठे आंदोलन झाले. त्यात तरुण मंडळी, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील, गावचे शेतकरी असे सर्व होते. चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर बसले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्ग दुहेरी करण्यास मंडळाने दिलेली संमती रद्द केली. वीज आणि रस्ता नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. प्रश्न एवढाच की ज्या डोंगरातून ओप्याचे पाणी येते तेथे काप घेण्यापूर्वी त्या पाण्याचा हिशेब कोणी मांडला होता काय? खाणींच्या वेळी तो मांडला गेला नव्हता. २०१२ साली खाणकाम थांबले तेव्हा या पट्ट्यातील कितीतरी झरी आणि शेते आधीच गाळाने भरून गेली होती.

ज्यांना रान प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी पावसाळ्यात दूधसागराला जाण्याचा हट्ट धरू नये. त्या काळात वाटा निसरड्या व ओहोळ दांडगे असतात, आणि कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्याही बंद असतात. मार्गशीर्षात गेल्यास किंजळाच्या तांबूस फळांनी उतार रंगलेले दिसतात. पण आमची शिफारस फाल्गुन-चैत्राची आहे. पहाटे मोल्याच्या फाटकाशी परवाना काढावा, वाटाड्या सोबत घ्यावा, बोलणे कमी ठेवावे. उघड्या उतारावरून चालत जाऊन एखाद्या घळीत उतरावे आणि ओहोळाच्या काठी खडकाखालून येणारी झर शोधावी. तिची धार करंगळीएवढी असते. अशा शेकडो धारा मिळून कुळ्याच्या पुलाखालची नदी होते, आणि पुढे तिला खांडेपार म्हणतात.