चेपॉकने जपलेल्या सत्त्याण्णव धावा

क्रिकेटच्या व्यवहारात शतकाला जो मान आहे, तो सत्त्याण्णव धावांच्या वाट्यास सहसा येत नाही. शंभरावी धाव पुरी झाली की प्रेक्षागार उभे राहते, फलंदाज बॅट उंचावतो आणि त्या डावाची नोंद वेगळ्या रकान्यात होते. सत्त्याण्णवसाठी असा रकाना नाही. असे असूनही, ज्यांनी गुंडप्पा विश्वनाथचा खेळ डोळ्यांनी पाहिला किंवा कानांनी ऐकला, त्यांना त्यांची आवडती आठवण विचारावी, तर त्याच्या चौदा कसोटी शतकांना मागे सारून पुष्कळांच्या ओठी येतो तो एक अपुराच आकडा : नाबाद ९७.

मैदानावरच्या खेळाडूचा उल्लेख आपण एकेरीत करतो. तो अनादर नव्हे, जवळिकीची खूण आहे. आणि विश्वनाथइतकी जवळीक फार थोड्या फलंदाजांच्या वाट्याला आली. लोकांनी त्याच्या नावाचे ‘विशी’ केले, ते काही उगीच नव्हे.

त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १९४९ रोजी भद्रावतीस झाला. लोखंड-पोलादाच्या कारखान्यामुळे हे गाव त्या काळच्या म्हैसूर राज्यात प्रसिद्ध होते. पुढे त्याच्या मनगटांचे वर्णन करताना लेखकांना पोलादाची उपमा सुचली, तेव्हा त्यांना गावाची आठवण होती की नाही, कोण जाणे. रणजी करंडकातील पहिल्याच सामन्यात, १९६७ साली, त्याने आंध्रविरुद्ध २३० धावा केल्या. दोन वर्षांनी कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत तो पहिल्या डावात शून्यावर परतला. कर्णधार पतौडी यांनी त्याला धीर दिला, तू शतक करशील असे सांगितले, ही हकीकत विश्वनाथने स्वतः अनेकदा कथन केली आहे. दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा केल्या.

आता चेपॉककडे वळू. १९७४-७५ च्या हिवाळ्यात क्लाइव्ह लॉइड यांचा वेस्ट इंडीज संघ भारतात आला होता. बंगलोर व दिल्ली येथील पहिले दोन्ही कसोटी सामने भारताने गमावले. कलकत्त्याला विश्वनाथच्या १३९ धावांच्या बळावर ८५ धावांनी विजय मिळाला आणि मालिकेत पुन्हा प्राण आले. चौथा सामना ११ जानेवारी १९७५ रोजी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, चेपॉकच्या मैदानावर सुरू झाला. पोंगलचा सण तोंडावर होता. सुनील गावसकर बोटाच्या दुखापतीमुळे संघाबाहेर होता. खेळपट्टीत वेग होता, उसळीही होती, आणि समोर अँटिग्वाचा अँडी रॉबर्ट्स होता.

रॉबर्ट्सने त्या डावात ६४ धावांत सात गडी बाद केले, एवढे सांगितले म्हणजे बाकीच्या फलंदाजांची अवस्था ध्यानात येईल. ७६ धावांत सहा गडी परतले होते, ११७ वर आठवा गेला. उरले बिशनसिंग बेदी आणि भागवत चंद्रशेखर. दोघेही गोलंदाजीतील थोर पुरुष, फलंदाजीच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा करीत नसे. चंद्रशेखरने आपल्या कसोटी आयुष्यात २४२ बळी घेतले आणि धावा केल्या १६७. बळींहून धावा कमी असणारे खेळाडू विरळाच. अशा दोन साथीदारांना घेऊन विश्वनाथने धावफलक १९० पर्यंत नेला. नवव्या जोडीने ५२ धावांची भर घातली, दहाव्या जोडीने २१. या शेवटच्या एकवीसपैकी चंद्रशेखरची धाव एक.

घरातील क्रिकेट न पाहणाऱ्या मंडळींसाठी येथे थोडे थांबावयास हवे. विश्वनाथची उंची सव्वापाच फुटांच्या आसपास. रॉबर्ट्सचा जो चेंडू उंच माणसाच्या छातीशी येईल, तो याच्या चेहऱ्यापाशी येणार. असा आखूड टप्प्याचा चेंडू यष्टीबाहेर उसळला की सावध फलंदाज मान मागे घेतो आणि तो सोडून देतो. विश्वनाथ टाचा उचलून चवड्यांवर उभा राही, उजवा पाय मागे व आडवा नेई आणि चेंडू अंगाजवळून निसटण्याच्या अगदी अखेरच्या क्षणी मनगटे वळवून त्यास जमिनीकडे दाबीत सीमेकडे धाडी. हाच तो ‘स्क्वेअर कट’. यात जोराचे काम थोडे, वेळ साधण्याचे फार. गोलंदाजाने दिलेला वेगच तो गोलंदाजाविरुद्ध वापरीत असे. म्हणून रॉबर्ट्स जितका वेगाने टाकी, तितका चेंडू वेगाने सीमापार जाई.

अखेर रॉबर्ट्सनेच चंद्रशेखरला बाद केले. शतकाला तीन धावा कमी होत्या.

या ९७ चे मोल त्या क्षणी पुरते कळले नसेल. ते पुढच्या चार दिवसांत उलगडत गेले. वेस्ट इंडीजचा डाव प्रसन्नाच्या फिरकीपुढे १९२ वर संपला, म्हणजे आघाडी अवघ्या दोन धावांची. दुसऱ्या डावात अंशुमन गायकवाडच्या ८० धावांच्या आधाराने भारताने २५६ केल्या, आणि पाहुणे १५४ वर आटोपले. भारत जिंकला तो बरोबर १०० धावांनी. विश्वनाथच्या शतकाला ज्या तीन धावा कमी पडल्या, त्या जणू संघाच्या खात्यावर जमा झाल्या, असे गमतीने म्हणण्याचा मोह चेपॉकच्या जुन्या रसिकांना अजून आवरत नाही.

ही खेळी प्रत्यक्ष पाहणारे किती? मैदानात मावले तेवढेच. मद्रासला दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. जानेवारीत घरबसल्या पाहण्याची सोय नव्हती. देशातील बाकीच्या लाखो लोकांना ती मिळाली आकाशवाणीवरून. समालोचक म्हणे, ‘कट केला’, आणि मग प्रेक्षकांचा कल्लोळ ऐकू येई. मधला चेंडूचा प्रवास ज्याचा त्याने मनात पाहावा. नागपूरच्या वाड्यात, इंदूरच्या पानाच्या दुकानासमोर, बडोद्याच्या कचेरीत लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तो पाहिला. म्हणूनच की काय, या डावाच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. चंद्रशेखरने तग धरून खेळून काढलेल्या चेंडूंची संख्या तर सांगणाऱ्याच्या वयाबरोबर वाढत गेलेली दिसते. त्यात बिघडत काही नाही. धावसंख्या सांगताना मात्र कोणी चुकत नाही. सत्त्याण्णवचे अठ्ठ्याण्णव कोणी करीत नाही.

वास्तविक चेपॉकने त्याचे याहून मोठे डाव पाहिले. जानेवारी १९७९ मध्ये पुन्हा वेस्ट इंडीजविरुद्ध, चेंडू उसळत असताना, त्याने १२४ धावा केल्या आणि भारत तीन गडी राखून जिंकला. सहा सामन्यांच्या त्या मालिकेत निकाल लागलेला तो एकच सामना. तीन वर्षांनी इंग्लंडविरुद्ध त्याने २२२ केल्या, ही त्याची सर्वोच्च कसोटी धावसंख्या. यशपाल शर्मासमवेत तो अशा थाटात खेळला की सामन्याचा दुसरा दिवस एकही गडी न पडता मावळला. परंतु २२२ ची आठवण निघते ती सहसा ९७ ची गोष्ट सांगून झाल्यावर. माझ्या मते यात प्रेक्षकांचा न्याय अचूक आहे. २२२ च्या वेळी खेळपट्टी दयाळू होती आणि सामना अनिर्णित राहिला. ९७ च्या वेळी त्याच्या पाठीमागे कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रणजी करंडकात मद्रास आणि म्हैसूर यांची चुरस जुनी. विश्वनाथ शेजारच्या राज्याचा. पण चेपॉकने त्याला पाहुणा कधी मानले नाही.

मुंबईकरांच्या आठवणींत गोडाबरोबर थोडा कडूपणाही आहे. मार्च १९७४ मध्ये बंगलोरला रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात विश्वनाथने मुंबईविरुद्ध १६२ धावा ठोकल्या आणि सलग पंधरा वर्षे मुंबईकडे असलेला करंडक त्या वर्षी कर्नाटकाने नेला. तरीही त्याच्यावर रुसून राहणे मुंबईला जमले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९७३ मध्ये, ब्रेबोर्न मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध ११३ धावा केल्या होत्या. पहिल्याच कसोटीत शतक करणाऱ्या भारतीयाला पुन्हा शतक होत नाही, असा एक विचित्र लौकिक तोवर होता; लाला अमरनाथ, शोधन, कृपालसिंग, अब्बास अली बेग, हनुमंतसिंग या सर्वांच्या बाबतीत तो खरा ठरला होता. विश्वनाथने तो मोडला. शतक पुरे होताच साडेसहा फुटी टोनी ग्रेगने पुढे होऊन या लहानखुऱ्या प्रतिस्पर्ध्याला तान्ह्या बाळासारखे हातांवर उचलून जोजवले. ज्यांना त्या डावातील एकही फटका आठवत नाही, त्यांना हे दृश्य आठवते. पुढे गावसकरच्या भगिनीशी विवाह होऊन विश्वनाथ मुंबईचा जावईच झाला. आणि गावसकरने आपल्या मुलाचे नाव ठेवताना कन्हाय आणि जयसिंह यांच्याबरोबर विश्वनाथचे नावही त्यात गुंफले, रोहन जयविश्व असे.

मुंबईची तिसरी आठवण वादाची आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडशी एक कसोटी सामना झाला. कर्णधार विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत परतले होते. कपिल देवच्या चेंडूवर यष्टिरक्षक बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंच हनुमंत राव यांनी दिला. बॅटला चेंडू लागला नाही, असे टेलरचे म्हणणे पडले. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथलाही तसेच वाटले. त्याने पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली आणि टेलर पुन्हा खेळू लागला. टेलरने ४३ धावा केल्या, इयन बॉथमने ११४. दोघांनी मिळून १७१ धावा जोडल्या आणि भारत दहा गडी राखून हरला.

कर्णधाराला असे औदार्य परवडते काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो, आणि विचारणारे काही हलक्या मनाचे लोक नव्हेत. सामना देशाचा असतो, कर्णधाराच्या खासगी मालकीचा नसतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु हिशेब मांडायचाच, तर त्याच सामन्यात बॉथमने घेतलेले तेरा बळीही त्यात धरावे लागतील. ते काही टेलरने घेतले नव्हते. शिवाय जो बाद नाही त्यास बाद ठरवून मिळालेला विजय विश्वनाथला रुचला नसता, हे त्याचा खेळ पाहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याने भारताचे नेतृत्व केले ते दोनच कसोटींत. विजय एकही नाही, पराभव एक, एवढेच त्यासंबंधी अभिलेखात आहे.

अडचण नेमकी हीच आहे. आज घरोघरी मुलांच्या हाती दूरध्वनीचा छोटा पडदा असतो आणि त्यावर कोणत्याही खेळाडूची कुंडली क्षणात निघते. गुंडप्पा विश्वनाथ : सामने ९१, धावा ६०८०, सरासरी ४१.९३. पन्नाशीपलीकडील सरासऱ्या पाहण्याची सवय झालेला नातू विचारतो, ‘आजोबा, यात एवढे काय?’ आजोबांपाशी उत्तर असते, पण ते आकड्यात नसते. थोडे आकडे त्यांच्याही मदतीस येतील. विश्वनाथने शतक केलेला एकही कसोटी सामना भारताने गमावला नाही. पोर्ट ऑफ स्पेनला एप्रिल १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचे लक्ष्य गाठून भारत जिंकला, तेव्हा गावसकरच्या १०२ बरोबर याच्या ११२ होत्या. मेलबर्नला फेब्रुवारी १९८१ मध्ये पहिल्या डावातील २३७ पैकी ११४ याच्या होत्या. तोही सामना भारताने जिंकला. १९७९ मध्ये लॉर्ड्सवर पहिला डाव ९६ धावांत गडगडल्यावर त्याच्या ११३ आणि वेंगसरकरच्या १०३ धावांनी पराभव टाळला. विस्डेनने २००१ साली सर्वोत्तम शंभर कसोटी खेळींची यादी केली, तीत मद्रासच्या ९७ ला स्थान मिळाले; पण ही बातमी चेपॉकला नवी नव्हती.

त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, मुंबईच्या नव्या वानखेडे मैदानावर, लान्स गिब्जने विश्वनाथचा त्रिफळा उडवला तेव्हा त्याच्या धावा ९५ झाल्या होत्या. लागोपाठच्या दोन कसोटींत एक ९७ आणि एक ९५. भारत तो सामना आणि मालिकाही हरला. विश्वनाथच्या मालिकेतील धावा भरल्या ५६८. शेवटची कसोटी तो १९८३ मध्ये कराचीला खेळला. चेपॉकचे जुने प्रेक्षक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटले तर ९७ ची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी. आणि चंद्रशेखरची ती एक धाव कशी निघाली, हेही आवर्जून विचारावे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल.